उपकार कोणाचा?

आपल्या भाषेत एक म्हण आहे : ‘माय मरो, पण मावशी जगो.’ पहिल्यांदा ऐकताना ती कानाला बोचते. आईच्या मरणाचा उच्चार इतक्या सहजपणे करणारी भाषा निष्ठुर असली पाहिजे, असे वाटते. परंतु ज्या समाजात बाळंतपणात बाया दगावत आणि पटकी-प्लेगाच्या साथीत घरेच्या घरे ओस पडत, त्या समाजाने मूल जगवण्यासाठी काही तजवीज करून ठेवली होती. त्या तजविजीचेच एक नाव मावशी. म्हण निष्ठुर नाही. फार पाहिलेल्या माणसांची आहे.

याच माणसांच्या तोंडी दुसरीही एक म्हण आहे : ‘घरचे झाले थोडे, अन् व्याह्याने धाडले घोडे.’ घरच्यांनाच पुरत नाही, तिथे दुसऱ्याचे खाणारे तोंड आले, त्याचा हा उद्गार. मजा अशी, की पहिली म्हण सकाळी म्हणणारी म्हातारी दुसरी म्हण संध्याकाळी म्हणू शकते आणि दोन्ही वेळा ती खरेच बोलत असते. नातलगांनी सांभाळलेल्या मुलांचा सारा प्रश्न मला या दोन म्हणींच्या मध्ये उभा असलेला दिसतो. एका बाजूला माया आहे, दुसऱ्या बाजूला रिकामी होत चाललेली पिठाची कोठी आहे; आणि मधल्या जागेत पाच-सात वर्षांचे एक मूल दोघांच्या तोंडाकडे पाहत बसले आहे.

इरावती कर्वे यांचा भारतातील नातेसंबंधांवरचा मोठा ग्रंथ १९५३ साली प्रसिद्ध झाला. निरनिराळ्या भाषांतील नात्यांच्या शब्दांचा त्यांनी त्यात कसून विचार केला आहे. त्या वाटेने गेले की मराठी माणसाला आपल्याच घराकडे नव्याने पाहावेसे वाटते. इंग्रजाला एका ‘अंकल’वर भागवता येते, आपल्याला काका वेगळा लागतो, मामा वेगळा लागतो. आत्या आणि मावशी या दोघींना आपण एका शब्दात कोंबत नाही. मोठ्यांना हा मानापानाचा आणि आहेराचा हिशेब वाटेल. पण मुलाच्या बाजूने पाहिले, तर यातला प्रत्येक शब्द म्हणजे एक दार आहे. आपल्या घराचे दार बंद झाले, तर कोणत्या दारावर थाप मारायची, हे भाषेने त्याला बोलायला शिकवतानाच सांगून ठेवले आहे.

ही दारे अजून उघडतात का? उघडतात. जालना जिल्ह्यातल्या अंबडला येऊन पाहावे.

अंबड हे तालुक्याचे गाव. माशाच्या आकाराच्या टेकडीवर मत्स्योदरी देवीचे देऊळ आहे आणि नवरात्रात तिथे मोठी यात्रा भरते. तालुक्याच्या दक्षिण अंगाने गोदावरी वाहते. यात्रा उठली, दिवाळी आली, की या मुलखातल्या कितीतरी घरांत बांधाबांध सुरू होते. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते आणि त्यासाठी ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात किंवा थेट कर्नाटकात जायचे असते. या धंद्यात नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. दोन जिवंत माणसांना मिळून अवजाराचे एक नाव देणारा हा शब्द पुष्कळ काही सांगून जातो. कोयता गेला, की मागे म्हातारा-म्हातारी आणि नातवंडे उरतात. हंगाम संपून बिऱ्हाड परत येईतो पाच-सहा महिने जातात. शासनाने अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना केली आहे आणि तिचा उपयोगही होतो. परंतु खरे वसतिगृह म्हणजे आजीची चूल. तिथे प्रवेशासाठी अर्ज करावा लागत नाही.

हे झाले हंगामापुरते. ज्यांचा हंगाम संपतच नाही, अशीही मुले आहेत. कोणाच्या बापाने नापिकीला आणि कर्जाला कंटाळून जीव दिला. कोणाची आई आजारात गेली. २०२० आणि २०२१ या करोनाच्या दोन वर्षांत कोणाचे दोघेही गेले. कोणाच्या विधवा आईने दुसरे घर केले आणि नव्या घरात जुन्या मुलाला जागा नव्हती. अशी मुले आजी-आजोबांकडे, मामाकडे, चुलत्याकडे, आत्याकडे वाढतात. गावात त्याची कोणी बातमी करीत नाही. ‘आजीकडे असतो’ एवढ्या दोन शब्दांत गोष्ट संपते.

आता या आजीचा कायद्यातला दर्जा काय, ते पाहा. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाने मुलाला संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय मानला आहे. मूल कुटुंबात वाढावे, हे त्याचे सूत्र. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने २००९ साली मुलांच्या पर्यायी संगोपनाविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली, त्यांतही नातलगांच्या घराला मानाचे स्थान आहे. म्हणजे तत्त्वाच्या पातळीवर दिल्लीपासून न्यूयॉर्कपर्यंत सर्वांनी आजीला वंदन केले आहे. पण तीच आजी नातवाचा हात धरून एखाद्या कचेरीच्या पायरीवर उभी राहिली, की पहिला प्रश्न येतो : ‘तुम्ही याच्या कोण? कागद आहे का?’ हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम १९५६ चा. त्याप्रमाणे मुलाचा नैसर्गिक पालक बाप, त्याच्यामागे आई. आजी त्या यादीत नाही. तिला कायदेशीर पालक व्हायचे, तर १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाखाली न्यायालयात जायला हवे. दत्तक घेणे हा निराळा मार्ग आहे, पण स्वतःच्याच नातवाला दत्तक घ्यायचे, ही कल्पना म्हातारीच्या डोक्यात शिरत नाही. आणि ती शिरत नाही हा काही तिचा दोष नव्हे. मग बँकेतले खाते, जातीचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, प्रत्येक ठिकाणी मेलेल्या मुलाचे किंवा परागंदा जावयाचे कागद मागितले जातात. ज्या दुःखाबद्दल ती घरात बोलत नाही, ते तिला खिडकीखिडकीशी मोठ्याने सांगावे लागते.

इथे मला एक नैतिक प्रश्न दिसतो आणि तो वाटतो तेवढा सोपा नाही. आजीने नातवाला सांभाळले, यात उपकार कोणाचा? तिने मुलावर उपकार केला, की तिने केवळ कर्तव्य केले? शासनाने तिला महिना काही रुपये दिले, तर तो शासनाचा तिच्यावर उपकार, की आणखी काही?

पुष्कळांचे उत्तर तयार असते. ‘स्वतःच्या रक्ताचे आहे, सांभाळणारच. त्यात विशेष काय?’ या उत्तरात आजीचा गौरव आहे, असे ते देणाऱ्याला वाटते. मला त्यात चतुराई दिसते. एखाद्या माणसाकडून फुकट काम करून घ्यायचे असेल, तर त्या कामाला ‘माया’ म्हणावे. मायेचे मोल करणे पाप असल्यामुळे मोल द्यावे लागत नाही. आपल्या घरांतल्या बायकांनी हा न्याय पिढ्यान्‌पिढ्या सोसला आहे. म्हातारपणी आजीच्या वाट्याला तो पुन्हा येतो.

जुन्या लोकांनी माणसाच्या डोक्यावर जन्मतःच तीन ऋणे ठेवली. त्यांतले पितृऋण फिटते ते संतती होऊन, वंश पुढे चालवून. त्या हिशेबाने पाहू. आजीने आपली मुले वाढवली, लग्ने लावली, तिचे ऋण तेव्हाच फिटले. साठीनंतर तिने माळ घेऊन बसायचे, कीर्तनाला जायचे, उन्हाला पाय पसरायचे. त्या वयात ती पुन्हा एका पोराची वेणीफणी आणि दुसऱ्याची पाटी-पुस्तके सांभाळते आहे. हे कोणाचे ऋण ती फेडते? शेतीच्या भावाचे गणित तिने मांडलेले नव्हते. उचल देण्याची रीत तिने पाडलेली नव्हती. साथ तिने आणलेली नव्हती. ज्या गोष्टी साऱ्या समाजाच्या कारभारातून घडल्या, त्यांची किंमत एक म्हातारी आपल्या चुलीवर चुकती करते आहे. तेव्हा धनको ती आहे आणि ऋणको आपण आहोत.

आपल्या थोरामोठ्यांच्या चरित्रांतही हे ऋण न फेडलेले पडून आहे. जोतीराव फुल्यांची आई ते वर्षाचेही नसताना वारली. त्यांना वाढवले ते सगुणाबाई क्षीरसागर या त्यांच्या नात्यातल्या बाईने. बाबासाहेब आंबेडकर लहान असताना आई भीमाबाई गेल्या; पुढे मुलांना मायेने सांभाळले ते आत्याने, मीराबाईंनी. या दोन बायका नसत्या, तर महाराष्ट्राचा इतिहास कसा झाला असता, याची कल्पना करवत नाही. चरित्रांत मात्र त्या एखाद्या पानात येतात आणि जातात. महाराष्ट्र शासनाच्या बालसंगोपन योजनेला आज सावित्रीबाईंचे नाव आहे. १८६३ साली जोतीराव-सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि पुढे एका विधवेचा मुलगा, यशवंत, आपला म्हणून वाढवला. तेव्हा नाव योग्यच आहे. पण त्या नावामागे सगुणाबाईही उभ्या आहेत, हे विसरू नये.

या योजनेखाली मुलामागे दरमहा मिळणारी रक्कम पुष्कळ वर्षे ४२५ रुपये होती. ती नंतर ११०० झाली आणि २०२३ साली २२५० करण्यात आली. केंद्राच्या ‘मिशन वात्सल्य’मध्ये, ठरलेल्या उत्पन्नमर्यादेच्या आतील घरांसाठी, दरमहा ४००० रुपयांची तरतूद आहे आणि नातलगांकडे राहणारी अनाथ मुले त्यात बसतात. रकमा वाढल्या हे चांगले झाले. परंतु रक्कम आणि आजी यांच्यामध्ये एक माणूस असतो. तो अंगणवाडीची सेविका असेल, जिल्हा बाल संरक्षण कक्षातली समाजसेविका असेल, गावच्या बाल संरक्षण समितीचा सभासद असेल. घरी जाऊन चौकशी करायची, अहवाल लिहायचा, जालन्याच्या बालकल्याण समितीपुढे कागद न्यायचे, हे त्याचे काम. या माणसाला आपण काय शिकवून पाठवतो, यावर माझ्या मते पुढचे बरेच काही अवलंबून आहे.

बहुधा आपण त्याला तक्ता भरायला शिकवतो. घर पक्के की कच्चे? संडास आहे काय? उत्पन्न किती? मूल शाळेत जाते काय? हे प्रश्न चुकीचे नाहीत. सरकारी पैशाचा हिशेब असायलाच हवा. पण परक्या पोरासाठी परके घर शोधताना जो तक्ता उपयोगी पडतो, तो आजीच्या घरात अपुरा पडतो. परके पालक मूल मागून घेतात. त्यांची तयारी झालेली असते. आजीने काही मागितलेले नसते. एका रात्री मूल दारात येते आणि त्याच रात्री तिचा मुलगा किंवा मुलगी गेलेली असते. ती सांभाळणारी आहे, तशीच ती सुतकातली आईही आहे. नातू हसला की तिला लेक आठवते, नातू रडला तरी लेकच आठवते. बाप दारू पिऊन परागंदा झाला असेल, तर मुलाच्या चुकीत तिला बाप दिसतो आणि तिचा हात उठतो. मग रात्री तीच त्याला कुशीत घेऊन रडते. तक्त्यात हे कोणत्या रकान्यात लिहायचे?

अंबडच्या बाजूच्या एका खेड्यात मी पाहिलेली एक गोष्ट सांगतो. आईबाप नसलेली एक मुलगी आजीजवळ वाढत होती. मुलगी नववीत. आजीने तिचे लग्न ठरवले. ही बातमी लागताच कोणी एक कार्यकर्ते आले आणि ओट्यावर उभे राहूनच म्हणाले, ‘आजी, हा गुन्हा आहे. तुम्हाला तुरुंगात जावे लागेल.’ आजीने दार लावून घेतले. नंतर कोणीही आले तरी ती दार उघडेना.

आता कायदा काय म्हणतो? २००६ च्या बालविवाह प्रतिबंध अधिनियमाप्रमाणे मुलीचे वय अठरा पूर्ण पाहिजे. लग्न लावणाऱ्याला, लावू देणाऱ्याला शिक्षा आहे. ते लग्न थांबवणे अवश्य होते, यात मला तिळमात्र शंका नाही. पण त्याच कायद्यात असेही म्हटले आहे, की या गुन्ह्यासाठी स्त्रीला कैदेची शिक्षा देता येणार नाही. म्हणजे धाक घातला तोही खोटा. तुरुंगाचे नाव घेणाऱ्याला कायदाही पुरता शिकवलेला नव्हता आणि म्हातारीही शिकवलेली नव्हती.

चार दिवसांनी गावच्या अंगणवाडीची सेविका गेली. ती गावचीच, तिला दार उघडले. ती खाली बसली, पाणी प्याली, इकडचे तिकडचे बोलली. लग्नाचे नाव तिने काढलेच नाही. शेवटी म्हातारीच म्हणाली, ‘बाई, म्या हाय तवर हाय. उद्या माझे डोळे मिटले तर ही पोर कुणाच्या दारात उभी ऱ्हाईल? नवऱ्याचं घर असलं तर कुणी बोट तरी दाखवनार न्हाई.’

सारी गोष्ट या दोन वाक्यांत होती. ही बाई नातीची वैरीण नव्हती. आपल्या मरणाची तारीख आणि नातीचे वय यांची ती वजाबाकी करीत होती आणि उत्तर जुळत नव्हते. तिच्या जगात या प्रश्नाला एकच उत्तर उपलब्ध होते, लग्न. ज्याला ते उत्तर काढून घ्यायचे आहे, त्याने तिथे दुसरे उत्तर ठेवले पाहिजे. सेविकेने विचारले, ‘मावशी, हिची आत्या असंल की.’ आत्या होती, शहागडच्या बाजूला. भावाच्या मरणानंतर शेताच्या वाटणीवरून बोलणे तुटले होते. ते पुन्हा जोडायला दोन-तीन खेपा पडल्या. आत्या आली, भाचीकडे पाहून रडली आणि म्हणाली, ‘आई, तुझ्यामागं ही माझी.’ लग्न थांबले. ग्रामसेवकाला कळवून कायद्याचीही बाजू बांधून घेतली होती, ती हवीच. पण म्हातारीच्या हातून सुपारी परत गेली, ती आत्याच्या त्या शब्दाने.

बालकल्याणाच्या कामात पडणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी एक प्रश्न शिकवावा, असे मला वाटते : ‘तुमच्यामागे कोण?’ साठी-सत्तरीतल्या माणसाच्या हाती दहा वर्षांचे मूल असेल, तर या प्रश्नाला टाळून केलेली मदत अर्धी आहे. प्रश्न अवघड आहे. तो विचारायला जीभ जड होते. म्हणून तर तो शिकवावा लागतो. आणि तो विचारायचा, तर त्याआधी मुलाच्या गोताचा नकाशा हाती पाहिजे. मामा किती, कुठे, कोणाशी बोलणे आहे, कोणाशी का नाही, सणाला कपडे कोण पाठवते. आपल्या भाषेने ज्या दारांना नावे दिली आहेत, ती दारे मोजायची. तक्त्यात घराच्या भिंती मोजण्यापेक्षा हे मोजणे अधिक मोलाचे.

यात परदेशाकडूनही घेण्यासारखे आहे. न्यूझीलंडमधले माओरी लोक फार वर्षे तक्रार करीत होते, की सरकार आमची मुले उचलून परक्यांच्या हाती देते आणि आमच्या गोताला विचारीतही नाही. १९८८ साली एका अहवालाने ही तक्रार सरकारपुढे स्पष्ट मांडली आणि १९८९ च्या कायद्याने तिथे एक नवी रीत आली. मुलाचे काय करायचे, हे ठरवण्यासाठी साऱ्या गोताची बैठक बोलवायची. अधिकाऱ्याने आपल्याजवळची माहिती सांगायची आणि मग खोलीबाहेर जायचे. आत आजी, काका, मावश्या, आते बोलतात, भांडतात, रडतात आणि एक योजना घेऊन बाहेर येतात. अधिकाऱ्याने बाहेर जाऊन बसायचे, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. आपल्या चावडीला हे नवे नाही. फक्त आपल्या चावडीवर बायका आणि मुले बोलत नसत, ती चूक सुधारून घ्यावी. अमेरिकेनेही २००८ साली कायदा करून, मूल आईबापांपासून काढून घेतल्यावर तीस दिवसांत आजी-आजोबांना आणि इतर नातलगांना शोधून कळवण्याचे बंधन यंत्रणेवर घातले. ज्यांच्याकडे नात्यांना शब्द थोडे, त्यांनीही नाती शोधायचा कायदा केला. आपल्याकडे शब्द भरपूर आहेत. शोधण्याची शिस्त हवी.

आणि शिकवायचे कुठे? मुंबईत समाजसेवेचे शिक्षण १९३६ पासून, सर दोराबजी टाटा यांच्या नावाने निघालेल्या शाळेपासून, चालू आहे. आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था ती हीच. तिथल्या ग्रंथांना मी कमी लेखत नाही. पण दुसरी एक परंपरा महाराष्ट्राजवळ आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला जे काम मांडले, ते नंतर अनुताई वाघांना बरोबर घेऊन कोसबाडला नेले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, या विचारातून अंगणवाडी निघाली, आणि १९७५ मध्ये एकात्मिक बालविकासाची देशव्यापी योजना सुरू झाली, तेव्हा हेच नाव देशभर पोचले. कार्यकर्त्यांचे शिक्षणही असेच अंगणात व्हावे. जी सेविका वीस वर्षे गावात आहे, तिच्यामागून नव्या मुलीने महिनाभर हिंडावे. दारात चप्पल कुठे काढायची, बाजेवर बसायचे की जमिनीवर, म्हातारा बोलत नसला तर त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ काय, हे तिथे समजते. त्याचबरोबर कागदही पाठ पाहिजेत. कोणता दाखला कोणाकडे, कोणत्या योजनेला कोणती अट, हे ज्याला ठाऊक नाही, त्याची सहानुभूती आजीला आणखी एक एस.टी.ची खेप घालायला लावते.

एवढे म्हटल्यावर दुसरी बाजू न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. नाते म्हणजे सगळीकडे गंगाजल नसते. भावाच्या पोराला जवळ करताना त्याच्या दोन एकरांवर डोळा ठेवणारा चुलता आपण पाहिला आहे. मामाच्या घरी गुरे राखून शाळा सुटलेला भाचा पाहिला आहे. मुलीच्या बाबतीत तर याहून वाईट घडते आणि ते घरच्याच माणसाकडून घडते म्हणून घरातच पुरले जाते. कार्यकर्ती पाहुणी म्हणून घरात शिरली, तरी डोळे मिटून तिने चहा पिऊ नये. आजीला ती ऋणकोच्या नात्याने नम्र असावी. पण मुलाच्या बाबतीत तिने कोणाचीही भीड धरू नये. मुलाशी एकट्याने, घरापासून थोडे दूर, बोरीखाली किंवा शाळेच्या ओट्यावर बोलायला तिने शिकले पाहिजे. विश्वास आणि पहारा एकाच माणसाने ठेवायचे, हे अवघड आहे. आई दोन्ही करते. म्हणजे ते अशक्य नाही.

आणि मुलाचे काय? त्याच्या डोक्यावर एक शब्द सारखा ठेवला जातो : उपकार. ‘आम्ही होतो म्हणून जगलास.’ ताटात वाढलेले असताना हे ऐकणाऱ्या मुलाचा घास कसा उतरत असेल? नातलगांकडे वाढलेली पुष्कळ माणसे पुढे फार आज्ञाधारक, फार गोड बोलणारी होतात. आपल्याला त्यांचे कौतुक वाटते. त्या गोडीच्या तळाशी, कोणाला जड होऊ नये ही लहानपणची भीती असते. मुलाने जन्म मागितला नव्हता, आईबापांचे मरण मागितले नव्हते. त्याच्यावर कोणाचाच उपकार नाही. त्याला घर मिळणे हा त्याचा हक्क आहे आणि हे त्याला कोणीतरी घरातल्या मोठ्यांसमोर, कोणाचाही अपमान न करता, सांगितले पाहिजे. ते सांगण्याचे कसब हाही कार्यकर्त्याच्या शिक्षणाचा भाग आहे.

राहिला पैशाचा प्रश्न. ‘नातवाला सांभाळायचे पैसे घेऊ?’ असे म्हणून अर्ज परत करणारे आजोबा आहेत. त्यांचा ताठपणा मला पूज्य वाटतो, पण त्यापायी नातवाचे दूध तुटते. पैसा घेतला की माया बाटते, ही त्यांची भीती. त्यांना काय सांगावे? मी तरी दिवाळीकडेच बोट दाखवीन. भाऊबीजेला बहीण ओवाळते आणि भाऊ ताटात पैसे टाकतो. ओवाळणीची मजुरी मिळाली, असे बहिणीला कधी वाटले आहे का? दान केले, असे भावाला वाटते का? तिथे पैसा आहे आणि माया आहे आणि दोन्ही एका ताटात सुखाने राहतात. कारण देणाऱ्याची मान वाकलेली असते आणि घेणारीचा हक्क असतो. त्याच नोटा कोणी तिच्या अंगावर फेकल्या, तर त्या ओवाळणी राहणार नाहीत. पैशाने माया बाटत नाही. पैसा कसा दिला, त्याने बाटते किंवा मोठी होते.

शासनाचे २२५० रुपये ओवाळणीसारखे द्यायला शिकवणे, याला मी बालकल्याणाच्या कार्यकर्त्याचे शिक्षण म्हणतो. खिडकीमागच्या माणसाने आजीला बसायला सांगावे, एका खेपेत काम करून द्यावे, रक्कम महिन्याच्या महिन्याला पोचवावी. सहा महिने थकवून मग एकदम दिलेली ओवाळणी कोणत्या बहिणीला गोड लागेल?

दिवाळीला आपल्यापैकी पुष्कळजण गावी जातील. शेजारच्या ओसरीवर एखादी म्हातारी दोन नातवंडांना उटणे लावताना दिसेल. तिचे कौतुक करून पुढे जाऊ नये. थोडे बसावे, मुलांची नावे विचारावी, शाळेची चौकशी करावी, कागद अडला असेल तर तो वाचून द्यावा. आणि ती बोलायला लागलीच, तर तो अवघड प्रश्नही हळूच विचारावा. त्याच्या उत्तरात कदाचित एखाद्या रुसलेल्या आत्याचे गाव निघेल आणि आपली गाडी परतताना त्याच रस्त्याने जाणार असेल.